परभाषा कशी येते?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



ज्या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीपाशी लहानपणी मी टाचा उंचावून उभा राहत असे, त्याच ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यात मला चार शब्द बोलण्यास पाचारण करावे, हा मी माझा मोठा गौरव समजतो. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मला दिले. मी मराठीचा प्राध्यापक; तेव्हा मी संतसाहित्यावर किंवा बडोद्याच्या मराठी वाङ्मयपरंपरेवर बोलेन, अशी त्यांची अटकळ असावी. प्रत्यक्षात मी ‘परभाषा माणसाला कशी येते’ हा विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनीवर क्षणभर काहीच उत्तर दिले नाही. मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत परभाषेचे कौतुक कशाला, असा प्रश्न त्यांना पडला असल्यास तो रास्तच आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर आपण मला सांभाळून घ्यावे.

विषय सुचण्याचे निमित्त अगदी साधे आहे. गेली काही वर्षे आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी वर्ग संपल्यावर माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, सहा महिन्यांत जर्मन येईल का?” कोणाला तिकडे अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घ्यायचे असते, कोणाला रुग्णसेवेची नोकरी मिळायची असते. मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न विचारण्याचे कारण इतकेच, की तरुणपणी मी जर्मन शिकलो होतो, ही वार्ता महाविद्यालयात कशी कोण जाणे पण टिकून राहिली आहे. ती वार्ता खरी आहे. मात्र ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी आज आपल्यापुढे सांगतो.

पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना मी एका सायंवर्गात दोन वर्षे जर्मन शिकलो. परीक्षेत प्रथम श्रेणी मिळाली. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, परंतु त्यांची वाटणी निराळी. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. जेवणाच्या टेबलावरचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. हे सारे मी रूपावली म्हणावी तसे घडाघडा म्हणत असे. विभक्तीप्रत्ययांचे तक्ते मला झोपेतही आले असते.

पुढे एका हिवाळ्यात संतवाङ्मयाचा अभ्यास करणारे एक जर्मन गृहस्थ आमच्या महाविद्यालयात आले. प्राचार्यांनी मोठ्या अभिमानाने मला पुढे केले. स्वागताचे एक वाक्य मी मनात जुळवू लागलो. नामाचे लिंग ठरवले, विभक्ती ठरवली, क्रियापद शेवटी टाकले. आणि वाक्य सिद्ध होईपर्यंत पाहुणे प्राचार्यांशी बोलत पुढच्या विषयावर पोहोचलेसुद्धा. तेही मराठीत! “माझा गाडी उशिरा आली,” असे ते म्हणाले. त्यांच्या दर दोन वाक्यांत एक चूक होती, पण ते शिपायाशी बोलले, विद्यार्थ्यांशी बोलले, चहावाल्याशी हिशेबही बोलले. माझ्या जर्मनमध्ये एकही चूक नव्हती, कारण मी तोंडच उघडले नव्हते. दोन वर्षांची प्रथम श्रेणी खिशात ठेवून मी नुसता हसत उभा होतो. त्या दिवशीची शरम मी आजही विसरलेलो नाही.

दुपारी धीर करून मी त्यांना मराठीतच विचारले, “आपण मराठी कोठे शिकलात?” ते म्हणाले, व्याकरण विद्यापीठात शिकलो, बोलायला मात्र पुण्यात एका आजींकडे शिकलो. त्या घरी ते भाड्याने राहत. आजींना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. रोज संध्याकाळी आजी त्यांच्यापुढे मटारच्या शेंगांची टोपली सरकवीत आणि दोघे सोलत बसत. हाताला काम असे, घाई कोणालाच नसे. त्यांना शब्द सुचेपर्यंत आजी थांबत. चुकले तर हसून तेच वाक्य नीट करून म्हणत आणि पुढची शेंग घेत.

मित्रहो, पुढे या विषयावर मी बरेच वाचले. परंतु जे वाचले त्याचा गाभा त्या मटारच्या टोपलीत मला आधीच सापडला होता. भाषा शिकण्यासाठी वर्ग हवा, पुस्तक हवे, कष्ट तर हवेतच. पण आपले मोडकेतोडके बोलणे ऐकत थांबणारे एक माणूस मिळाल्यावाचून ती बोलती होत नाही. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

याचे दाखले शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या बडोद्यातच दोन थोर दाखले आहेत.

पहिला दाखला श्रीमंत सयाजीराव महाराजांचा. १८७५ साली दत्तकविधान झाले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा बारा वर्षांचा होता, आणि शाळेचे शिक्षण म्हणावे असे त्याचे जवळजवळ झालेलेच नव्हते. त्या वयात इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकाव्या लागल्या. १८८१ साली, म्हणजे अवघ्या सहा वर्षांनी, दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराविषयी त्याच महाराजांपुढे इंग्रजीत व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. महाराजांची बुद्धी आणि कष्टाळूपणा असामान्य होता, हे खरेच. परंतु भाषाशिक्षणाच्या दृष्टीने मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांना इंग्रजी हा केवळ एक विषय म्हणून शिकायचा नव्हता. इंग्रजीतून राज्य कसे करावे हे शिकायचे होते. गुजराती प्रजेचे गाऱ्हाणे समजण्यासाठी हवी होती. प्रत्येक भाषेला काम नेमून दिलेले होते, आणि ज्या भाषेकडून आपण काम करून घेतो ती सहसा आपल्याला सोडून जात नाही.

दुसरा दाखला श्री अरविंदांचा. सातव्या वर्षी, १८७९ साली, त्यांना इंग्लंडला नेण्यात आले. मुलांवर इंग्रजी संस्कार व्हावेत असा वडिलांचा कटाक्ष असल्याने बंगाली ही त्यांची मातृभाषा असूनही त्यांना ती आली नाही. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच यांत पारंगत झालेल्या या तरुणाने सनदी सेवेचा उमेदवार म्हणून केंब्रिजला बंगालीचे धडे घेतले, तेही एका इंग्रज शिक्षकाकडे. त्या शिक्षकाला विद्यासागरी वळणाची ग्रांथिक बंगाली तेवढी ठाऊक होती. एकदा बंकिमचंद्रांचा उतारा पुढे ठेवला असता, ही बंगाली असणे शक्यच नाही, असा निर्वाळा त्याने दिला, अशी आठवण नमूद आहे. केवळ पुस्तकातून शिकलेल्या भाषेची मर्यादा याहून नेमकेपणाने कोणी सांगितली नसेल.

१८९३ साली अरविंद बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. येथे त्यांनी स्वप्रयत्नाने बंगाली ग्रंथ वाचले, संस्कृतचा अभ्यास केला. खासेराव जाधव, केशवराव देशपांडे अशा मराठी स्नेह्यांच्या सहवासात मराठीशी आणि शहरात वावरताना गुजरातीशी परिचय करून घेतला. बंगाली ग्रंथ समजू लागले, तरी बोलण्याचा सराव नव्हता. तेव्हा १८९८च्या सुमारास दीनेंद्रकुमार राय हे बंगाली लेखक बडोद्यास येऊन त्यांच्या घरी राहिले. त्यांचे काम मुख्यतः बोलण्याचे. ज्यांनी ग्रीक आणि लॅटिनमध्ये पारितोषिके मिळवली, त्या अरविंदांनाही स्वतःची मातृभाषा जिभेवर आणण्यासाठी घरात एक माणूस आणून ठेवावा लागला! मग आपणा सामान्यांची काय कथा?

आता कोणी म्हणेल, तर मग वर्ग हवेत कशाला? सगळे काम आजीच करतील. हाही भ्रम आहे. वर्गाची बाजू मी शिक्षक म्हणून मांडणे स्वाभाविकच आहे, पण त्यामागे कारण आहे. आपण मराठी बोलताना ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ वेगवेगळे उच्चारतो. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. लिपीत अक्षर एकच आहे. आपल्यापैकी किती जणांच्या हे कधी ध्यानात आले असेल? आजींच्याही आले नसेल. त्या शिकणाऱ्याचा उच्चार सुधारतील, पण तो कोठे चुकला हे त्यांना सांगता येणार नाही. प्रमाण गुजरातीत दुसरा ‘च’ नसल्यामुळे आमचे गुजराती मित्र वर्षानुवर्षे मराठी बोलूनही ‘चाक’ हा शब्द ‘चार’सारखाच उच्चारतात. आपल्याला समजते, आपण दुरुस्त करीत नाही, आणि ती चूक कायमची वस्तीला येते. कानाला जे आपोआप ऐकू येत नाही ते दाखवून देणे हे शिक्षकाचे काम.

शिवाय कोणाला काय अवघड जाईल, हे शिक्षक त्याच्या मातृभाषेवरून ओळखतो. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. गुजरातीतही ‘आपणे’ आणि ‘अमे’ असा तो आहे. म्हणून गुजराती विद्यार्थ्याला तो शिकवावाच लागत नाही. जर्मनमध्ये दोहोंना मिळून एकच शब्द असल्याने जर्मन विद्यार्थी तेथे हमखास अडखळतो. याउलट नामाला लिंग असते ही कल्पना इंग्रजी भाषकाला विचित्र वाटते, ती मराठी माणसाला जन्मतःच मिळालेली असते; त्याला फक्त नवी वाटणी पाठ करायची असते. मातृभाषा पक्की असलेला माणूस परभाषेच्या वर्गात रिकाम्या हाताने जात नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.

वर्ग आणि सहवास यांच्या नात्याविषयी कॅनडातील एक अनुभव फार बोलका आहे. तेथे इंग्रजी घरांतील मुलांना शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवण्याचे प्रयोग १९६०च्या दशकापासून झाले. अनेक वर्षांनंतर असे आढळले की या मुलांना फ्रेंच उत्तम समजते. मात्र बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहतात. मेरिल स्वेन या विदुषींनी १९८५ साली त्यावर असे प्रतिपादन केले की ऐकणे आणि वाचणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. स्वतः वाक्य घडवण्याची पाळी आल्यावाचून आपल्याला काय येत नाही, हे आपल्याला कळतच नाही. श्रोता माना डोलावतो; बोलणाऱ्याला मात्र प्रत्येक विभक्तीचा हिशेब द्यावा लागतो.

आता विद्यार्थ्यांच्या त्या प्रश्नाकडे येतो. सहा महिन्यांत भाषा येईल का? मी त्यांना महिने मोजू नका, तास मोजा, असे सांगतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषाप्रशिक्षण संस्था आहे. तिच्या दीर्घ अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती उत्तम येण्यास वर्गातील सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, हिंदीसारख्या भाषेला सुमारे ११००, तर जपानी किंवा अरबीला २२००. हे विद्यार्थी दिवसभर दुसरे काही करीत नाहीत, शिवाय घरचा अभ्यास वेगळाच. आपला विद्यार्थी आठवड्यातून दोनदा तासभर वर्गाला जातो. म्हणजे वर्षाचे जेमतेम शंभर तास. उरलेले तास वर्गाबाहेर मिळवल्याखेरीज गत्यंतर नाही.

ते कसे मिळवावेत? येथे चार व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उजळणीची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते आणि नंतर विस्मरणाची गती मंदावते. म्हणून एका रात्रीत शंभर शब्द घोकण्यापेक्षा दहा शब्द आज, उद्या, आठवड्याने आणि महिन्याने असे चारदा भेटावेत. वही पालथी घालून आधी आठवण्याचा प्रयत्न करावा, मगच उत्तर पाहावे. शब्द एकटा लिहू नये, वाक्यासह लिहावा. आणि ते वाक्य आपल्या घरातले असावे. ‘राजाचा वाडा उंच आहे’ यापेक्षा ‘आमचा नळ गळतो’ हे वाक्य अधिक काळ लक्षात राहते.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. आमच्या वेळी जर्मन ऐकायचे तर वर्गातील एकुलती एक ध्वनिफीत होती आणि तीही मध्येच अडकत असे. आज डॉइच वेले ही जर्मन प्रसारणसंस्था शिकणाऱ्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या देते, आणि त्या प्रत्येकाच्या खिशातील फोनवर मिळतात. मात्र नुसते कानावर पडू देऊन भागत नाही. दोन मिनिटांचाच मजकूर घ्यावा, तीनदा ऐकावा, ऐकलेले लिहून काढावे, मग मूळ मजकुराशी ताडून पाहावे. आपल्या शाळेतील शुद्धलेखनाचा तास काही व्यर्थ नव्हता.

तिसरी गोष्ट वाचनाची, आणि ती या वास्तूत सांगताना मला विशेष आनंद होतो. १९८०च्या सुमारास फिजी बेटांवरील ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या अभ्यासकांनी एक प्रयोग केला. इंग्रजी ही परभाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० चित्रमय, गोड गोष्टींची पुस्तके दिली. काही वर्गांत मुले नुसती वाचत, काहींत शिक्षक त्यांच्यासह वाचत आणि बोलत. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वाचनातील प्रगती जवळजवळ दुप्पट वेगाने झाली. यातले मर्म असे, की पुस्तके सोपी होती आणि पुष्कळ होती. आपण नेमके उलट करतो. जर्मन येऊ लागली की थेट ग्योटे उघडतो, पहिल्या पानावर तीस शब्द अडतात आणि पुस्तक कपाटात जाते. पानावर दोन-चार शब्द अडावेत, गोष्ट अडू नये, अशी पुस्तके घ्यावीत. लहान मुलांची पुस्तके वाचण्यात प्रौढाने कमीपणा मानू नये.

चौथी गोष्ट बोलण्याची, आणि तीच सर्वांत अवघड. प्रौढ माणसाला परभाषा येत नाही याचे कारण स्मरणशक्ती उणी पडते असे आपण म्हणतो. माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे बव्हंशी आड येते ती प्रतिष्ठा. ज्याला स्वतःच्या भाषेत सफाईने बोलण्याची सवय आहे, त्याला चार वर्षांच्या मुलासारखे बोलणे जिवावर येते. माझे तेच झाले. म्हणून प्रारंभी असे माणूस शोधावे, की ज्याच्यापुढे चुकण्याची लाज वाटणार नाही. हल्ली यंत्राशीही संभाषण करता येते. ते कंटाळत नाही, हसत नाही; सरावाला ते चांगले आहे, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पण यंत्राला आपण काय सांगतो याची ओढ नसते, आणि उत्तराची ओढ असलेल्या माणसासाठी आपण जसे शब्द धुंडाळतो तसे यंत्रासाठी धुंडाळत नाही.

आता थोडे घरचे सांगतो. माझी मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला गेली, तेव्हा ‘बी-वन’ पातळीची परीक्षा उत्तीर्ण होऊन गेली. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानतात, त्यातली ही तिसरी. पहिल्याच आठवड्यात ती पाव आणायला गेली. दुकानातील बाईने पाव हाती घेऊन एकच शब्द भरकन विचारला. हिला तो कळला नाही. हिने घाबरून नकारार्थी मान हलवली. पुढे चार महिने हाच प्रकार. बाई विचारी, ही मान हलवी आणि घरी येऊन बोथट सुरीने पाव कापत बसे. तो शब्द होता ‘कापून?’ यंत्रावर काप करून देऊ का, एवढेच ती विचारीत होती. परीक्षेत हे क्रियापद तिन्ही काळांत चालवून दाखवलेले होते! हे रहस्य उलगडले ते तळमजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंमुळे. त्या एकट्या राहत. मुलगी त्यांची बाजारहाट करू लागली, त्या हिच्याशी बोलू लागल्या. वर्षभरात मुलीची भाषा वाहू लागली. पुण्याच्या आजी आणि तिकडच्या या बाई, दोघींजवळ एकच गोष्ट विपुल होती. ती म्हणजे वेळ.

आणि आता मी आरंभी दिलेल्या वचनाकडे येतो. मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत परभाषेचा विषय कशाला?

माझी नात चार वर्षांची आहे. ती तिकडेच जन्मली. आई तिच्याशी मराठी बोलते. पाळणाघर, मैत्रिणी, अंगण, सगळे जर्मन. फोनवर मी विचारतो, “जेवलीस का गं?” तिला कळते, उत्तर मात्र जर्मनमधून येते. पहिल्यांदा हे झाले तेव्हा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. तीस वर्षे मी मराठी शिकवली, आणि माझ्याच घरात मराठी परभाषा झाली होती. आपणापैकी किती जणांच्या घरी हेच घडत आहे, हे मला विचारावे लागणार नाही. त्यासाठी जर्मनीलाही जावे लागत नाही. येथे, बडोद्यात, मराठी घरांतील कितीतरी मुले मराठी बोलतात पण वाचू शकत नाहीत. या ग्रंथालयाच्या फळ्यांवरील पुस्तके त्यांच्यासाठी बंद दारासारखी आहेत.

मी रागावलो नाही. नातीला ‘मराठीत बोल’ असे दटावलेही नाही. दटावून भाषा येत नाही हे आयुष्यभर पाहिले आहे. मी तिच्या आईला एवढेच सांगितले, की रविवारी फोन लावताना तिच्यापुढे मटारच्या शेंगा ठेव. आता दर रविवारी आम्ही आजोबा-नात आपापल्या स्वयंपाकघरात शेंगा सोलतो. मी फक्त मराठी बोलतो. ती जर्मनमध्ये सांगते, की या शेंगेत सात दाणे निघाले. मी म्हणतो, “अगोबाई, सात? माझ्या शेंगेत पाचच!” सायंवर्गातल्या त्या दोन वर्षांचा उपयोग असा तीस वर्षांनी झाला. तिचे जर्मन मला समजते; ते मी तिला कळू देत नाही, आणि तिचेच म्हणणे मराठी करून तिला परत देतो. गेल्या महिन्यात तिने एक शेंग कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाली, “आजोबा, हा रिकामी.” लिंग चुकले होते. पण मला त्या जर्मन पाहुण्यांची ‘माझा गाडी’ आठवली आणि डोळे भरून आले. मी म्हणालो, “हो गं, ही रिकामी आहे,” आणि पुढची शेंग घेतली.

मित्रहो, ज्या राजाने १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, त्याच्या नगरीत आपले हे ग्रंथालय शंभर वर्षे उभे आहे. पुस्तके राखण्याचे काम आपण उत्तम केले. यापुढे वाचक घडवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, कारण तो आता आपोआप घडत नाही. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने मी कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. वाचनकक्षातील एक टेबल आठवड्यातून एक संध्याकाळ बोलण्यासाठी राखून ठेवावे. आपल्या सभासदांत सेवानिवृत्तांची संख्या मोठी आहे. दुपारी वृत्तपत्र वाचून झाल्यावर काय करावे, हा त्यांच्यापुढे प्रश्न असतो. परभाषा शिकणाऱ्याला जे हवे असते ते त्यांच्याजवळ भरपूर आहे. मराठी शिकू इच्छिणारे गुजराती शेजारी, मराठी वाचता न येणारी मराठी मुले, सुटीत परदेशाहून येणारी नातवंडे, यांना त्या टेबलाशी बसवावे. शेजारी एका फळीवर सोपी, मोठ्या टाइपाची, चित्रांची पुस्तके ठेवावीत. पुष्कळ ठेवावीत, आणि ती हाताळून फाटली तर आनंद मानावा. व्याकरणाचा तास हवा असेल तर आम्ही मराठीचे शिक्षक महिन्यातून दोनदा विनामूल्य घेऊ. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.

या योजनेला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. एक टेबल लागेल आणि त्याभोवती बसून थांबण्याची तयारी असलेली चार माणसे लागतील. हाताला काम हवे असेल तर शेंगांची टोपली मी घरून घेऊन येईन.

आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. ज्याला कोणी ऐकून घेते तोच बोलायला शिकतो, याचा प्रत्यय आपण मला आज पुन्हा दिलात.